सड्यावरचा कांदा नवा की जुनाच? सह्याद्रीतल्या कंदफुलांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिले दोन-तीन पाऊस पडले की माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. कुणी रायगडावरून पाठवतं, कुणी रत्नागिरीच्या सड्यावरून, कुणी अंबोलीहून. सोबत एकच वाक्य असतं: "सर, हे नेटवर कुठेच सापडत नाही, नवीन असेल का?" वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली आणि आता निवृत्त असल्यामुळे उत्तर द्यायला वेळही आहे. पण प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत.

कंदफुलं म्हणजे नेमकी कोणती?

जमिनीखाली शिदोरी ठेवून वर्षातले सात-आठ महिने गाढ झोपणारी. शास्त्रात खरा कंद म्हणजे आपल्या कांद्यासारखा, पापुद्र्यावर पापुद्रा असलेला. रानकांदा, दीपकाडी आणि बागेतल्या नागदवण्याचे रानातले भाऊबंद, म्हणजे क्रायनम, या गटातले. भुईचक्राचा गड्डा चिरला तर आत पापुद्रे दिसत नाहीत, तो सुरणासारखा भरीव असतो. त्याला घनकंद म्हणतात. फोडशी आणि सफेद मुसळीच्या तर मुळ्याच फुगलेल्या असतात. गावात या सगळ्यांना 'कांदा' म्हणून मोकळे होतात आणि इथे मीही बहुतेक ठिकाणी तेच करणार आहे.

सह्याद्रीतच यांचं एवढं पीक कसं?

जांभ्याचा सडा किंवा कातळाचं पठार डोळ्यांसमोर आणा. माती जेमतेम वीतभर, काही ठिकाणी तेवढीही नाही. पावसाचे चार महिने पाणी तुंबतं, उरलेले आठ महिने दगड तापतो. अशा जागी झाडाला मूळ धरता येत नाही. कांद्याला मात्र ही जागा मानवते. पाऊस आला की आठवड्याभरात फूल, मग पान, मग बी, आणि दसरा-दिवाळीपर्यंत वरचं सगळं वाळून जातं.

दुसरं कारण असं की दोन पठारांच्या मध्ये खोल दरी आणि जंगल असतं. कांद्याचं बी फार लांब जात नाही, त्यामुळे प्रत्येक पठार एखाद्या बेटासारखं वागतं. एका पठारावरची पिढी शेजारच्या पठाराशी हजारो वर्षं सोयरीक न करता राहिली, तर दोघांत फरक पडणारच. म्हणून तर दीपकाडीच्या प्रजातीतली एक जाती कोकण आणि गोव्याच्या सड्यांपुरती, एक मुंबईच्या बोरिवली-कान्हेरीच्या खडकांवरची, एक साताऱ्याच्या बाजूच्या उंच पठारांवरची, अशी वाटणी झालेली दिसते.

'नवी प्रजाती' म्हणायचं की 'नवी जाती'?

जाती. वर्तमानपत्रं दरवर्षी 'नव्या प्रजातीचा शोध' असं छापतात आणि मी दरवर्षी चडफडतो. मराठी शास्त्रीय परिभाषेत प्रजाती हा मोठा गट, त्याच्या पोटात जाती. क्रायनम ही प्रजाती आणि क्रायनम ब्रॅकिनेमा ही तिच्यातली एक जाती. नवी प्रजाती सापडणं ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. 'जात' या शब्दाचे आपल्याकडचे अर्थ लक्षात घेता लोक 'प्रजाती'कडे का वळतात, ते समजतं. तरी शब्द जागेवर असावा.

मला दिसलेलं फूल नवं असण्याची शक्यता किती?

खरं सांगू? फार थोडी. पण शून्य नाही, आणि म्हणूनच मी प्रत्येक फोटो उघडून बघतो.

आधी हे बघा की वेगळेपणा कशात दिसतोय. रंगात असेल तर त्यावर फार विसंबू नका. सावलीत वाढलेलं फूल फिकट, उन्हातलं गडद असू शकतं. उंचीवरही नको, कारण ज्या वर्षी पाऊस लांबतो त्या वर्षी तोच कांदा बोटभर दांडा काढतो. सापकांद्याच्या प्रजातीत तर मोठीच गंमत आहे. गड्डा लहान असतो तेव्हा तो नर फुलं देतो आणि पुढे गड्डा भरला की तेच झाड मादी होतं. वाईट वर्ष गेलं तर पुन्हा नर. या दोन अवस्थांना दोन जाती समजून बसलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. (एकदा मीही बसलो होतो, पण ते विद्यार्थ्यांना सांगितलेलं नाही.)

नवेपणाचा संशय घ्यायचा तो एकापेक्षा जास्त अवयवांत, अनेक झाडांत आणि लागोपाठ दोन-तीन वर्षं तोच फरक दिसला तर. केसरतंतू आखूड आहेत, बोंडाचा आकार वेगळा आहे, बीही वेगळं आहे आणि आसपासची चाळीस झाडं तशीच आहेत, असं असेल तर मला जरूर फोन करा. रात्री केला तरी चालेल.

मग एक कांदा उपटून आणू का?

नको. ही विनंती आहे आणि अभयारण्यात असाल तर कायदासुद्धा. तिथे परवानगीशिवाय एक पानही तोडता येत नाही.

कांद्याचं गणित साध्या रोपट्यासारखं नसतं. बीपासून पहिलं फूल यायला काही जातींना तीन-चार वर्षं लागतात. एखाद्या खाचेत बारा झाडं असतील आणि तुम्ही त्यातलं एक भरलेलं काढलं, तर तुम्ही गावातला कर्ता माणूस उचलून नेला असं समजा. अभ्यासक नमुने घेतात ते परवानगी काढून आणि झाडांची संख्या बघून. दोन-तीन झाडंच असतील तर एखादं फूल आणि फोटो, एवढ्यावरच भागवतात.

शिवाय घरी आणून कराल काय? मी नोकरीला लागलो त्या वर्षी उत्साहाने एक कांदा कागदात घालून दाबयंत्रात कसला. दोन आठवड्यांनी उघडला तर कागदातल्या कागदात त्याने कोंब काढलेला, पानं पिवळीधमक आणि फूल कुजलेलं. कांदा दाबून मरत नाही, त्याच्या पोटात शिदोरी असते ना! कांद्याचा नमुना करताना तो उभा चिरून किंवा उकळत्या पाण्यात बुडवून मगच दाबतात. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

फोटो कसे काढले तर उपयोगी पडतील?

नुसतं सुंदर फूल काढलंत तर माझ्या दृष्टीने तो अर्धा फोटोही नाही. पूर्ण झाड, पान जमिनीतून निघतं ती जागा, फुलाच्या देठाशी असलेलं छोटं पान, फूल बाजूने आणि समोरून, आणि खाली पडलेलं एखादं फूल मिळालं तर ते उभं उघडून आतले केसर. शेजारी रुपयाचं नाणं ठेवा. किती वाजता काढला तेही लिहा, कारण यातली बरीच फुलं ठरावीक वेळीच उमलतात. आणि महिन्याभराने बोंड बघायला परत जा. परत जाणारे लोक फार कमी असतात, आणि पुष्कळदा जात ओळखू येते ती बोंडात आणि बियांत.

अभ्यासक नेमकं काय तपासतात?

सुरुवात पुस्तकांपासून होते. डाल्झेल आणि गिब्सन यांची १८६१ ची मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची, त्यानंतर विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे थिओडोर कुक यांचे खंड, मग मुंबईच्या झेवियर्स कॉलेजमधले स्विस जेझुइट पाद्री ब्लॅटर आणि त्यांचे सहकारी मॅक्कॅन यांची कामं, आणि त्यापुढची शोधपत्रं. या सगळ्यांतून त्या प्रजातीच्या प्रत्येक जातीचं मूळ वर्णन काढून तुमच्या झाडाशी एकेक ओळ ताडून बघायची. कंटाळवाणं काम आहे. बऱ्याच 'नव्या' जाती याच पायरीवर जुन्या ठरतात.

त्यानंतर सुकवलेले नमुने. पुण्यात भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचा मोठा संग्रह आहे, आघारकर संस्थेत आहे, मुंबईत झेवियर्सला ब्लॅटर हर्बेरियम आहे, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठात आहे. जुना साहेबी माल पुष्कळदा लंडनजवळच्या क्यू उद्यानात असतो. तिथले बरेच कागद आता संगणकावर बघता येतात, नाहीतर पूर्वी एका कागदासाठी पत्र पाठवून महिने मोजावे लागत.

मग येतात गुणसूत्रं, आणि कांद्यांच्या बाबतीत ती फार बोलकी असतात. यासाठी जिवंत कांदा कुंडीत लावावा लागतो, कारण कोवळ्या मुळाचं टोक हवं. सकाळी ते टोक कापायचं, औषधात बुडवून पेशींचं विभाजन मधेच अडवायचं, रंगवायचं, काचपट्टीवर दाबायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं मोजायची. विभाजन अडवायला जुन्या प्रयोगशाळांपासून वापरलं जाणारं एक औषध म्हणजे कोल्चिसीन. ते मिळतं कोल्चिकम नावाच्या परदेशी कंदफुलापासून आणि आपल्या कळलावीतही ते असतं. भुईचक्रही त्याच कुळातलं. म्हणजे एका कांद्याचं गुपित उघडायला दुसऱ्याच कांद्याची मदत.

आपल्या रानकांद्यातच वीस, तीस आणि चाळीस गुणसूत्रांची झाडं मिळतात. बाहेरून बघताना मात्र ती इतकी सारखी की वेगळी काढणं मुश्कील. मग या तीन जाती मानायच्या की एक? बहुतेकजण एकच मानतात. मलाही ते पटतं, पण पूर्णपणे नाही.

डीएनए तपासला की प्रश्न मिटला ना?

आजकाल हा प्रश्न तरुण मुलं विचारतात, जणू आम्ही म्हातारे उगाच भिंगं घेऊन बसलो आहोत. डीएनएमुळे कुळं आणि प्रजाती यांची मांडणी खूप बदलली, हे खरं. पण जवळच्या दोन जाती अलीकडेच वेगळ्या झाल्या असतील तर ठरावीक दोन-तीन जनुकांत त्यांच्यात फरकच सापडत नाही. पूर्ण जीनोम, म्हणजे पेशीतला सगळा डीएनए, वाचावा तर कांद्यांचे जीनोम अवाढव्य. भाजीत चिरतो त्या कांद्याचा जीनोम माणसाच्या साधारण पाचपट आहे. खर्चाचा अंदाज तुम्हीच बांधा.

तरी काही कोडी डीएनएशिवाय सुटलीच नसती. केशराचं उदाहरण घ्या. काश्मीरमध्ये पांपोरला होतं ते केशर गुणसूत्रांच्या तीन संचांचं, म्हणून वांझ. ते बी धरत नाही, माणूस गड्डे लावतो म्हणूनच टिकून आहे. ते मूळचं कुठलं यावर फार वर्षं वाद होता. २०१९ मध्ये गुणसूत्रं आणि डीएनए दोन्हींच्या अभ्यासातून धागा ग्रीसमध्ये अथेन्सच्या परिसरातल्या एका रानटी क्रोकसपर्यंत पोहोचला.

'टाइप नमुना' म्हणजे काय? त्याचं एवढं स्तोम का?

जातीचं नाव शेवटी एका सुकलेल्या कागदाला बांधलेलं असतं. तो कागद म्हणजे टाइप. उद्या दोघांत भांडण झालं की दीपकाडीची अमुक जाती नेमकी कोणती, तर वर्णन काहीही म्हणो, निर्णय त्या कागदावरच्या झाडावरून होतो. १ जानेवारी १९५८ पासून टाइप नमूद केल्याशिवाय नव्या जातीचं नाव ग्राह्यच धरत नाहीत. तो खासगी कपाटात न ठेवता संग्रहालयात ठेवायचा. भारतात तर जैवविविधता कायदा २००२ मधल्या कलम ३९ नुसार नवी जाती शोधणाऱ्याने ठरवून दिलेल्या संस्थेला कळवून तिथे नमुना जमा करावा लागतो.

महाबळेश्वरच्या क्रायनम वुड्रोई या जातीचं बघा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पुण्यातले वनस्पतितज्ज्ञ वुड्रो यांच्या नमुन्यांवरून क्यूचे वनस्पतितज्ज्ञ बेकर यांनी तिचं वर्णन केलं आणि मग ती जणू नाहीशीच झाली. सुमारे शंभर वर्षांनी पुण्याच्या अभ्यासकांना ती महाबळेश्वरच्या केट्स पॉइंटच्या परिसरात पुन्हा दिसली. हीच ती, असं ठामपणे म्हणता आलं ते जुना नमुना जपून ठेवलेला होता म्हणून. पर्यटक तिथे रोज हजारोंनी येतात, तरीही!

शोध लागल्यापासून नाव मिळेपर्यंत किती काळ जातो?

कांदा वर्षातून एकदाच फुलतो. म्हणजे एका वर्षी फूल बघितलं, पुढच्या वर्षी बोंड, त्याच्या पुढच्या वर्षी दुसऱ्या पठारावर शोधलं, मधल्या वर्षी पाऊस लवकर आला आणि तुम्ही पोहोचेपर्यंत फुलं गेली. चार-पाच वर्षं सहज.

आणि हा झाला वेगवान मामला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात असं दिसलं की नव्या म्हणून जाहीर झालेल्या वनस्पतींपैकी फक्त १६ टक्के पहिल्यांदा गोळा केल्यापासून पाच वर्षांच्या आत वर्णिल्या गेल्या होत्या. जवळजवळ पाव जातींचे नमुने तर पन्नास वर्षांहून जुने होते. म्हणजे शोध डोंगरात कमी आणि कपाटात जास्त लागतात. डोंगरवेड्यांना हे ऐकायला आवडत नाही, मलाही नाही आवडत.

नाव कोण ठेवतं? माझं नाव देता येईल?

जो वर्णन प्रसिद्ध करतो तो नाव ठेवतो. स्वतःचं नाव स्वतःच ठेवणं नियमात अडत नाही, पण लोक हसतात. सापडवणाऱ्याचं, गुरूचं, गावाचं नाव देण्याची रीत आहे. सफेद मुसळीच्या नावात बोरिवली आहे: क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम, १९५४, सांतापाव आणि फर्नांडिस. दीपकाडीच्या एका जातीत कोकण, दुसरीत गोवा. २००९ मध्ये वर्णन झालेल्या क्लोरोफायटम गोठनेन्समध्ये गोठणे हे गाव. मला सगळ्यांत आवडतं ते मात्र क्रायनम ब्रॅकिनेमा. ब्रॅकी म्हणजे आखूड, नेमा म्हणजे धागा. फूल उघडून केसरतंतू बघितलेत की नाव आपोआप पटतं.

पूर्वी वर्णन लॅटिनमध्येच लिहावं लागे. १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजीही चालतं आणि नुसतं ऑनलाइन प्रसिद्ध झालेलंही ठराविक अटींवर चालतं. मराठीतलं मात्र अजून चालत नाही.

'दीपकाडी' हे नाव आपलंच ना?

वाटतं खरं, दिव्याच्या काडीसारखं. पण शास्त्रीय नाव डिपकॅडी असं आहे आणि तो शब्द पूर्वेकडच्या भूमध्य प्रदेशातला, मस्कारी नावाच्या एका निळ्या कंदफुलाचा. १७९० मध्ये तो या प्रजातीला चिकटला. कोकणातल्या पांढऱ्याशुभ्र फुलांकडे बघून मात्र दिव्याचीच आठवण होते, त्यामुळे हा गैरसमज दूर करावासा मला वाटत नाही.

रानकांद्याचं शास्त्रीय नाव सारखं का बदलतं?

रॉक्सबर्ग यांनी त्याला सिला इंडिका म्हटलं, कुंथ यांनी अर्जिनिया इंडिका केलं, १९७७ मध्ये जेसप यांनी ड्रिमिया इंडिका. कुळाचंही तसंच, आधी लिलीचं, मग हायसिंथचं, आता शतावरीचं. कांदा तोच आणि घरं बदलत गेली. यात कुणाची चूक नाही. फुलाच्या ठेवणीवरून जे गट केले होते ते डीएनएच्या उजेडात मोडले. 'इंडिका' हा शेवटचा शब्द तेवढा टिकून राहिला. जुनं पुस्तक वाचताना तीनही नावं माहीत असली म्हणजे झालं.

आफ्रिकेचा आणि आपल्या कांद्यांचा काय संबंध?

या कुळांची मोठी घरं दक्षिण आफ्रिकेतच आहेत. साधारण पंचवीस वर्षांपूर्वी कोल्हापूरचे श्रीरंग यादव, एन. पी. सिंह आणि क्यूचे कंदतज्ज्ञ ब्रायन मॅथ्यू यांनी सह्याद्रीतून कॅम्प्टोऱ्हायझा इंडिका ही जाती मांडली. तोवर ही प्रजाती फक्त आफ्रिकेच्या दक्षिण भागातली म्हणून ठाऊक होती. चिमूटभर फुलाचं, भुईचक्राच्या नात्यातलं रोप. पायाखाली आलं तर कळणारही नाही. इतक्या दूरचा नातेवाईक आपल्या गवतात सापडावा, हा धक्का मला कुठल्याही रंगीबेरंगी फुलापेक्षा मोठा वाटतो.

हिमालयातही असे शोध लागतात का?

लागतात, आणि अलीकडचा एक तर थेट फोडणीतला आहे. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, तिबेटच्या सीमेजवळच्या नीती खोऱ्यात मलारी नावाचं गाव आहे. तिथल्या परिसरात २०१९ मध्ये राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या अभ्यासकांच्या नजरेत एक रानकांदा भरला. २०२१ मध्ये तो ॲलियम नेगियानम म्हणून प्रसिद्ध झाला. कुलदीपसिंह नेगी यांनी आयुष्यभर कांदा-लसणाच्या रानटी जाती गोळा केल्या, त्यांच्या आठवणीत हे नाव. ३००० ते ४८०० मीटर उंचीवर तो वाढतो.

स्थानिक लोक मात्र तो कधीपासून फोडणीला वापरत होते! शास्त्राला नवा, चुलीला जुना. आपल्याकडे ठाकर आणि कातकरी बायका फोडशी फुलावर येण्याआधी, नुसत्या पातीवरून ओळखतात, ते मला आजही खात्रीने जमत नाही. त्यांच्याकडून शिकायला गेलो तर त्या हसतात, पण शिकवतात.

तुम्ही जागेचं नाव का सांगत नाही?

कारण सांगितलं की पुढच्या रविवारी तिथे गाड्या लागतात. त्याहून वाईट म्हणजे खुरपी घेऊन येणारे. औषधासाठी सफेद मुसळी रानातून किती उपसली गेली, हे जुन्या लोकांना विचारा. ॲलियम नेगियानमबद्दलही बेसुमार तोडणीची काळजी शोधकांनी लिहूनच ठेवली आहे. फोटो टाकताना मोबाइलमधलं ठिकाण बंद ठेवा आणि तालुक्याच्या पलीकडे काही लिहू नका.

रानकांदा खाल्ला तर चालतो का?

अजिबात नाही. त्यात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात. कळलावीचा कंद तर जीवघेणा आहे. 'आयुर्वेदात आहे' असं म्हणून प्रयोग करू नका.

मी शास्त्रज्ञ नाही, मला यात काय करता येईल?

एक पठार निवडा, घराजवळचं. दर पंधरवड्याला त्यावर जा आणि वहीत लिहा: काय उगवलं, काय फुललं, किती झाडं होती. पाच वर्षांची अशी वही कुठल्याही अभ्यासकाला सोन्यासारखी वाटते. पाऊस सुरू होण्याची वाटही बघू नका. रानकांदा एप्रिलच्या उन्हात, पान नसताना, नुसता दांडा काढून फुलतो. दिवसभर तो वाळक्या काटकीसारखा दिसतो. उन्हं उतरेपर्यंत त्याच्याजवळ बसून राहा. पाण्याची बाटली मोठी घ्या, पठारावर सावली नसते.